डबल बेल

व्हॅनच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या जरा पुढे, पत्र्यावर एक चरा होता. लांबीला दीड वीत. पुढच्या टोकाला तो केसासारखा बारीक होता आणि मागे जाताजाता रुंद आणि खोल होत गेला होता. चाकाजवळ तर पत्रा बोटाच्या पेराइतका आत दबला होता. म्हणजे गाडी पुढे जात होती, डावीकडे वळत होती, जे घासलं ते जागचं हललं नव्हतं, आणि घासायला लागल्यावरही चालवणाऱ्याने ब्रेक मारला नव्हता. वरून कोणीतरी पांढरा रंग फिरवला होता. ब्रश बारीक, हात सावकाश. रंगाखालून एका ठिकाणी हिरवं डोकावत होतं.

अंगणाच्या फाटकाचा खांब हिरवा होता.

“काय तराजू, पत्र्याचं वजन करतेस का?” बाबा व्हॅनच्या आतून म्हणाले. मागचं दार उघडं टाकून ते घडीच्या पलंगाच्या बिजागऱ्यांना तेल देत बसले होते. “तुझा शिक्का बसल्याशिवाय गाडीला समुद्र दिसणार नाही, असं आहे वाटतं.”

दवाखान्यांतले वजनकाटे, तापमापक, रक्तदाबाची यंत्रं बरोबर दाखवतात की नाही हे तपासणं, हे तिचं काम. म्हणून घरात ती तराजू.

“बाबा, इथे घासलंय.”

“जुनं असेल. घेतली तेव्हाचं.”

घेतली तेव्हा तीही सोबत होती. तिने स्वतः चारही बाजूंनी पत्रा पाहिला होता.  व्हॅनच्या सावलीत पडलेल्या भोंग्याने तिच्याकडे बघून शेपटी हलवली. हा कुत्रा भुंकायला लागला की गल्ली जागी व्हायची, म्हणून त्याचं नाव भोंगा. पण भुंकण्यापेक्षा त्याची शेपटी जास्त वाजायची. मुळाशी दोरखंडासारखी जाड. खूश झाला की जे समोर येईल ते तो बडवत सुटायचा.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. आई त्याच आगारात कंडक्टर. ओळख, भांडण आणि लग्न, तिन्ही एकाच मार्गावर झाली, असं आई सांगायची. गेल्या थंडीत बाबांना झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, डोळे चांगले आहेत, पण मेंदूची बघायची जागा दुखावली आहे. दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं दिसणार नाही, निदान काही महिने. नजरेची तपासणी करून घ्या, तोवर स्टीअरिंगला हात नको. बाबा तपासणीला गेलेच नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. दाढी वाढली, जेवण सुटलं. भोंगा पलंगाखाली, बाबा पलंगावर, आणि दोघांचं पाणीसुद्धा आईने तोंडाशी न्यायचं.

मग कोणीतरी औषधांची ने-आण करणारी जुनी व्हॅन विकायला काढली आणि बाबा उठून बसले. तिचा कॅम्पर करायचा म्हणाले. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, भोंग्यासाठी कोपरा. आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने चार दिवस. आयुष्य बस चालवण्यात गेलं, पण त्यांचा मार्ग कधी समुद्रापर्यंत गेला नव्हता. ते करवत घेऊन कामाला लागले, दाढी केली, दोन घास जास्त खाऊ लागले. कोण चालवणार हा प्रश्न तेव्हा तिने विचारला नाही. उठले ना, एवढं तिला पुरलं होतं.

आता सगळं तयार होत आलं होतं आणि प्रश्न तसाच होता.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. पहिल्या दिवशी आतल्या मोठ्या रस्त्याने थेट दीपगृहाच्या गावापर्यंत. तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने रमतगमत परत. दोन मुक्काम वाळूजवळ, एक खाडीच्या धक्क्यावर, तिथे गाडी रात्रभर उभी करू देतात म्हणून.

“कुत्रा चालतो का तिथे?” तिने विचारलं.

“धक्क्यावर चालतो. पुढच्या चौपाटीवर फक्त सकाळचा. मी फोन करून विचारलं. ती बाई म्हणाली, कुत्रा चावतो का? म्हटलं, कुत्रा नाही हो, कंडक्टर चावते.”

“सुट्टे नसले की चावायचेच,” आई म्हणाली. ती भोंग्याच्या पट्ट्याला जाड दोऱ्याने बकल शिवत होती. “आणि गोड्या पाण्याचा एक कॅन वेगळा घ्या. खाऱ्या पाण्यातून आला की पंजे धुवायला लागतात, नाहीतर चाटत बसतो आणि ओकतो. आधीच त्याला गाडी लागते.”

“उपाशी न्यायचा.”

“तुम्ही राहा उपाशी.”

“एखादा ड्रायव्हर बरोबर घेतला तर?” ती म्हणाली. जमेल तितक्या सहज आवाजात. “म्हणजे तुम्हाला समुद्र नीट बघता येईल.”

“ड्रायव्हरच्या घरी भाड्याचा ड्रायव्हर!” बाबा हसले. “मग मला भोंग्याशेजारी बांधा मागे. ओकायला दोघं बरे.”

“तू शिकली असतीस तर हा प्रश्नच नव्हता,” आई म्हणाली. “ड्रायव्हरची पोर, आणि स्टीअरिंगला हात लावायला घाबरते.”

तिने नकाशा स्वतःकडे वळवला. “मग उलट का नाही जायचं? आधी किनाऱ्याने, आणि दमल्यावर परतताना सरळ मोठा रस्ता.”

“ऊन डोळ्यांवर येतं,” बाबा लगेच म्हणाले.

किनाऱ्याचा रस्ता जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण होता. कुठूनही गेलं तरी ऊन सारखंच. फरक एकच होता. बाबा म्हणत होते तसं गेलं तर समुद्र सगळ्या वाटेने उजवीकडे राहणार होता.

म्हणजे त्यांना माहीत होतं.

तिने पाण्याचा पेला उचलला आणि आवाज न करता बाबांच्या डाव्या हाताशी ठेवला. कोपरापासून वीतभर. मग ती खाडीबद्दल काहीतरी विचारत राहिली. बाबांनी खाडीची खोली, ओहोटीची वेळ, धक्क्यावरच्या पहारेकऱ्याचा स्वभाव, सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, “पाणी दे गं जरा. घसा सुकला.”

आईने हातातली सुई बकलमध्ये टोचून ठेवली, पेला उचलला आणि त्यांच्या उजवीकडे ठेवला. हे सगळं तिने नकाशाकडे बघत केलं. लेकीकडे तिने बघितलं नाही.

यंत्र बाद करायच्या आधी तीनदा मोजायचं, असा तिच्या कार्यालयातला नियम होता. एकदा चुकलं तर हात हलला असेल; दोनदा चुकलं तर जागा सपाट नसेल. चरा एक, पेला दोन. तिसऱ्यासाठी थांबण्यात एक सोय असते, हे तिला कळत होतं. तरी ती थांबली.

सुट्टीच्या दिवशी चाचणी फेरी झाली. बाबा स्टीअरिंगवर, आई त्यांच्या डावीकडे, ती मागे पलंगावर, भोंगा तिच्या पायांत. फाटकातून बाहेर पडताना पुढून आवाज आला. टक. गाडी थांबली. डावीकडून एक हातगाडी गेली. टक टक. गाडी निघाली.

ती वाकून बघू लागली. आईच्या हातात घराची किल्ली होती आणि ती समोरच्या पत्र्यावर मारत होती. एकदा मारली की थांबा, दोनदा मारली की चला. मध्येमध्ये आई ओठांतल्या ओठांत बोलत होती, जप केल्यासारखं. “सायकल. खांब. पोरगं आहे, पोरगं आहे, गेलं. मोकळं.” बाबांची मान सरळ, खांदे सैल. वळणावर टाकीतलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. बाजारातून, शाळेसमोरून, पुलावरून त्यांनी ती अवजड गाडी अशी नेली, की वाटावं दोन माणसं मिळून एकच शरीर झालं आहे. एक अर्धं बघतं, दुसरं अर्धं चालवतं.

तिला ते सुंदर वाटलं, आणि सबंध वाट तिने पलंगाची कड सोडली नाही.

घरी आल्यावर तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं. “कधीपासून चाललंय हे?”

“काय कधीपासून?”

“आई.”

आईने नळ मोठा केला. “बसमध्ये तरी ते डावीकडे कुठे बघायचे? दार माझ्या ताब्यात, माणसं माझ्या ताब्यात. चढणारी चढली, उतरणारी उतरली की मी दोरी ओढून डबल बेल मारायची. डबल पडली की निघायचं. मान वळवून खात्री केली असं एकदासुद्धा झालं नाही.”

“तेव्हा दिसत असून बघत नव्हते. आता...”

“आता काय ते मला नको सांगूस. भिंतीकडे तोंड करून पडलेले तू सुट्टीच्या दिवशी बघितलेस. मी रोज बघितले.” ती पातेलं घासत राहिली. “आपलेच दात, आपलेच ओठ. चार दिवस झाकली मूठ राहू दे. एकदा समुद्र बघून येऊ दे त्यांना, मग मीच ती किल्ली गटारात टाकते.”

“आणि रस्त्यावरचं एखादं माणूस?”

“मी आहे ना डावीकडे.”

“फाटकाचा खांबही डावीकडेच होता.”

आईने पातेलं उपडं घातलं. “तेव्हा मला शिंक आली,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एका प्रसूती दवाखान्यात कामाला गेली. नवजात बाळांचा वजनकाटा थोडं जास्त दाखवत होता. तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेवढंच जास्त.

“अहो, एवढासा तर फरक आहे,” परिचारिका म्हणाली. “आम्हाला सवय आहे. आम्ही मनातल्या मनात वजा करतो.”

“आणि तुम्ही सुट्टीवर असाल त्या दिवशी?”

परिचारिकेने नाक मुरडलं. नियमाप्रमाणे तराजूने काट्यावर लाल पट्टी चिकटवली, ‘वापरू नये’, सही केली आणि ती बाहेर पडली. एवढंच तर करायचं असतं. घरी जाताना सबंध रस्ता तिने वाक्य जुळवलं. सुरुवात कुठून करायची, मध्ये कुठे थांबायचं, आई मध्ये पडली तर काय म्हणायचं.

बाबा अंगणात होते. भोंग्याला व्हॅनमध्ये चढायला त्रास होतो, म्हणून त्यांनी लाकडाची उतरती फळी केली होती. पंजे घसरू नयेत म्हणून तिच्यावर सुतळीच्या आडव्या रांगा ठोकल्या होत्या. “बघ, बघ,” ते म्हणाले, आणि भोंगा एखाद्या साहेबासारखा सावकाश चढून वर गेला. बाबा टाळ्या वाजवत होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या दोन्ही हातांचा आवाज तिने ऐकला.

“छान झाली आहे फळी,” ती म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सामान भरणं चाललं होतं. तिने सुट्टी घेतली होती. म्हटलं, आज बोलायचंच. पाण्याचे कॅन आत गेले, शेगडी गेली, घडीच्या खुर्च्या गेल्या. मागचं दार नीट उघडावं म्हणून गाडी थोडी पुढे घ्यायची ठरली. बाबा स्टीअरिंगवर बसले, इंजिन सुरू झालं. पुढच्या डाव्या चाकाखाली लावलेला लाकडाचा ठोकळा काढायला आई वाकली. ठोकळा रुतून बसला होता. तिने एक पाय चाकासमोर रोवला आणि ती दोन्ही हातांनी ओढू लागली.

भोंगा आधीच मागे चढून बसला होता. ती घरातून त्याचं खायचं भांडं घेऊन बाहेर आली. त्याने भांडं बघितलं.

शेपटी पत्र्यावर आपटली. धप. धप.

बाबांनी हँडब्रेक सोडला.

तिला सगळं दिसलं आणि सगळ्याला उशीर झाला होता. तिच्या ओरडण्याच्या आधी आईची किंकाळी आली. गाडी थांबली, पण चाक वर चढलेलं होतं आणि आईचा पाय त्याच्याखाली होता.

“काय झालं? कुठे?” बाबा ओरडत होते. ते उजवीकडे बघत होते. उजवीकडच्या आरशात, उजवीकडच्या खिडकीबाहेर, रिकाम्या अंगणात. “कुठे आहे ती?”

“मागे घ्या! बाबा, गाडी मागे घ्या!”

“डबल दिली ना तिने? मी ऐकली!”

“मागे!”

गाडी मागे आली. आई आडवी झाली होती आणि तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. भांडं अजून लेकीच्याच हातात होतं, आणि त्यामुळे भोंग्याची शेपटी थांबत नव्हती. धप धप, धप धप, सबंध वेळ.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. घोट्याखालची लहान हाडं चुरली होती. चालेल, ते म्हणाले, पण पूर्वीसारखी नाही. जिना जपून, लांबचं नकोच. मग त्यांनी विचारलं, “कसं झालं हे?”

“ठोकळा काढत होते,” आई म्हणाली. औषधाने तिची जीभ जड झाली होती, तरी वाक्य तयार होतं. “हँडब्रेक सैल होता. गाडी आपोआप सरकली.”

“हो,” बाबा म्हणाले. “हँडब्रेक.”

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिघांमध्ये शिकलेली तीच दिसत असावी. तिने मिठाची गुळणी धरली. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतील, अशी भीती तिला होती. तसं झालं नाही. आईला घरी आणल्यावर ते जास्तच कामाला लागले. आईच्या पायाखाली उश्या रचायच्या, तिला आंघोळीच्या खुर्चीवर बसवायचं, वेळेवर गोळ्या. आणि मधल्या वेळात अंगणात ठोकाठोकी. आईला दुखलं की ती ओठ दाबून धरायची आणि म्हणायची, “जा हो, तुमचं काम करा. माझ्याकडे बघत काय बसता.” ते जायचे.

एका संध्याकाळी त्यांनी तिला व्हॅनमध्ये बोलावलं. आतला सगळा पत्रा त्यांनी जाड फोमने मढवला होता. फोमवर कापड, कापडाला सुबक शिवण. त्यांनी त्यावर मूठ आपटून दाखवली. आवाज आला नाही.

“आता मारू दे त्याला शेपटी हवी तेवढी,” ते म्हणाले. “वाटलं तर जुना पायमोजा पण चढवू शेपटीवर. भोंगाही गबाळा दिसायला नको, रंगाला जुळणारा बघू.”

ते घरात आले तेव्हा ती त्यांच्या मागोमाग आली. आई दिवाणावर होती, पाय उश्यांवर, बोटं सुजलेली आणि जांभळी. बाबांनी टेबलावर नकाशा उघडला. घड्यांवर तो विरायला लागला होता. त्यांनी एका घडीवर पारदर्शक पट्टी लावली होती.

“प्लास्टर निघालं की निघायचं,” ते म्हणाले. “तोवर समुद्रही शांत होतो. कंडक्टर मागे पलंगावर झोपून येईल, पाय वर करून. राणीसारखी.”

“आणि डावीकडे?” तिने विचारलं.

बाबांनी पट्टी अंगठ्याने दाबून बसवली. 

“डावीकडे तू,” ते म्हणाले. “शिकवतो मी. अवघड काही नाही. सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. तुझी नजर तर हिच्यापेक्षा बारीक आहे. तू असलीस की...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्या घरात त्यांनी डावीकडचा उल्लेख पहिल्यांदाच केला होता, आणि तो आज्ञेच्या नाही, विनंतीच्या आवाजात. “बसशील ना?”

“बस की गं,” आई दिवाणावरून म्हणाली. डोळे मिटलेले. “चारच दिवस.”

ती बसली असती तर तिने ते काम फार चांगलं केलं असतं. एक सायकल सुटली नसती, एक खांब सुटला नसता, शिंकही तिने आवरली असती. चार दिवस नीट पार पडले असते, आणि म्हणूनच नंतर आणखी चार दिवस, मग बाजार, मग दवाखाना, मग एक दिवस कुणाला न उठवता बाबा एकटेच निघाले असते, कारण आजवर काही झालं नव्हतं. आईचा पाय जांभळा असतानाही या खोलीत सगळे तेच म्हणत होते. काही झालं नव्हतं.

नाही म्हटल्यावर काय होईल तेही तिला स्पष्ट दिसत होतं. आतली खोली, भिंतीकडचं तोंड, वाढलेली दाढी, न उचललेलं ताट. आणि या वेळी त्यांच्या तोंडाशी पाणी न्यायला आई उठू शकणार नव्हती.

बाबा तिच्याकडे बघत होते. मान किंचित डावीकडे वळवून, ती सबंध दिसावी म्हणून.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “मी नाही बसणार. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. हँडब्रेक सैल नव्हता, हे उद्या मी डॉक्टरांना सांगणार आहे. आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही. समुद्रापर्यंत नाही आणि फाटकापर्यंतही नाही.”